वाघ पांढरा नसतो

भिलाईत वाढणाऱ्या मुलांना वाघाचा रंग विचारा. बरीचशी बिनदिक्कत ‘पांढरा’ म्हणून सांगतील. त्यात त्यांची काही चूक नाही. पोलाद कारखान्याने १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेल्या मैत्रीबागेत पांढऱ्या वाघांचं बिऱ्हाड आहे, आणि टाउनशिपमधल्या कितीतरी घरांची रविवारची संध्याकाळ तिथेच जाते. आधी तलावातली होडी, मग छोटी रेल्वे, मग पुडीतला मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि अंधार पडायच्या आत वाघ. ठरल्या जागी, हमखास. आमची थोरली साडेतीन वर्षांची आहे. चित्रांच्या पुस्तकातला पिवळा वाघ दाखवला की ती त्याच्याकडे संशयाने बघायची आणि म्हणायची, “ह्याला कुणीतरी रंग दिलाय.”

गंमत अशी, की तिच्या ओळखीचा हा वाघ जंगलात कुठेच भेटत नाही. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा जिवंत पकडला आणि गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. त्याचं नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं पिवळीच निघाली. पुढे त्याची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली, तेव्हा १९५८ साली पांढरी पिल्लं जन्मली. आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांत दिसणारे पांढरे वाघ बहुतेक या मोहनच्याच वंशातले. ही वाघाची वेगळी जात नाही. आई आणि बाप दोघांकडूनही एक दुर्मीळ जनुक आला तरच हा रंग उतरतो, आणि तो टिकावा म्हणून माणसाने नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या. म्हणजे आमच्या मुलांना जो वाघ सगळ्यांत जवळचा, तो माणसानेच राखलेला आहे. हे सगळं साडेतीन वर्षांच्या पोरीला सांगणार कसं? त्यापेक्षा जंगलात जाऊन यावं, असं आमच्या घरात ठरलं.

छत्तीसगढमध्ये जंगल कमी नाही. कांगेर घाटी, इंद्रावती, गुरू घासीदास अशी राष्ट्रीय उद्यानं आहेत. पण ती भिलाईहून लांब, दोन दिवसांच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन जमण्यासारखी नाहीत. शिवाय २०२२ च्या देशव्यापी गणनेत अख्ख्या छत्तीसगढात १७ वाघ निघाले. २०१४ साली हाच आकडा ४६ होता. उलट आमच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या एकट्या कान्हा व्याघ्रप्रकल्पात त्याच गणनेत शंभरावर वाघ होते. त्यामुळे भिलाई-रायपूरची माणसं ‘जंगल बघायला जातो’ म्हणाली की बहुधा कान्हालाच निघालेली असतात. कान्हाचं मुक्की हे प्रवेशद्वार आम्हाला जवळचं. दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि मुलं बरोबर असतील तर अख्खा दिवस.

बेत जाहीर झाल्यावर शेजारपाजारच्यांचा सल्ला सुरू झाला. “एवढ्याशा पोरांना कशाला? त्यांच्या काय लक्षात राहणार?” धाकटा तर पावणेदोन वर्षांचा. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. लक्षात राहतं तेवढंच करायचं म्हटलं तर पहिली तीन वर्षं पोरांना गोष्टीही सांगायला नकोत. आणि जंगलात लहान मुलं नेणारे आम्ही काही पहिले नव्हतो. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९६३ मध्ये वाघ आणि हरणांचा अभ्यास करायला कान्हाला आले, तेव्हा बायको आणि दोन लहान मुलगे त्यांच्यासोबत होते. वाघावरचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘द डिअर अँड द टायगर’ हे १९६७ चं पुस्तक त्याच मुक्कामातून आलं. त्या काळी कान्हात वीज-रस्त्यांची काय सोय असेल, ते आपण समजू शकतो. आमच्याकडे तर डायपर होते.

खरी वादावादी झाली ती सफारी किती घ्यायच्या यावर. नवऱ्याला तीन हव्या होत्या. शनिवारी दुपारची, रविवारी सकाळची आणि जमलं तर रविवारी दुपारची. “एवढ्या लांब जायचं आणि एकच? मग वाघ दिसायचा कसा?” सासूबाईंनी कणीक मळता मळता निकाल दिला. “एकच. रविवारची सकाळ. पोरं चार तासांच्या वर एका जागी बसत नाहीत, आणि चार तास बसली तर तू माझ्याकडून बक्षीस घे.” त्यांच्यापुढे कारखान्यातल्या फोरमनचंही काही चालत नाही, नवऱ्याचं कुठून चालणार! एकच सफारी घेतली, पण जिप्सी पूर्ण घेतली. सहा प्रवाशांची गाडी, आम्ही चार मोठे आणि मांडीवर दोन. थोडे पैसे जास्त गेले, पण अनोळखी माणसांच्या शेजारी रडतं मूल घेऊन बसण्याचा प्रश्न मिटला. कोअर भागातली तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि शनिवार-रविवारची फार लवकर संपतात, म्हणून नवऱ्याने सुट्टी मंजूर व्हायच्याही आधी ती काढून टाकली.

मार्चचा दुसरा पंधरवडा आम्ही मुद्दाम निवडला होता. डिसेंबर-जानेवारीत कान्हाची पहाट उघड्या जिप्सीत मोठ्यांनाही सोसत नाही, आणि मे महिन्यातलं ऊन मुलांना सोसत नाही. वाघ दिसायला उन्हाळा चांगला, कारण पाणी आटतं आणि तो पाणवठ्यावर येतो. पण आम्हाला वाघाच्या सोयीपेक्षा पोरांची सोय बघायची होती.

शनिवारी पहाटे निघालो. दुर्ग ओलांडलं आणि धमध्याच्या वाटेला लागलो. हा सगळा टोमॅटोचा पट्टा आहे. रस्त्याच्या कडेला क्रेट रचलेले. धमधा हे जुनं तळ्यांचं गाव. तिथे ‘छै आगर छै कोरी तरिया’ म्हणजे सहा कोड्या आणि वर सहा, एकूण १२६ तळी होती, असं छत्तीसगढी माणसं अजून अभिमानाने सांगतात. सासरे सांगायला लागले. साठच्या दशकात ते नागपूरहून भिलाईला आले, ते रेल मिलमधून निवृत्त होईपर्यंत इथलेच झाले. गाडीत बसले की त्यांच्यातला मास्तर जागा होतो. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य १७४१ साली छत्तीसगढात कसं उतरलं, बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून कारभार कसा केला, असं धमध्यापासून कवर्ध्यापर्यंत चाललं होतं. “तेव्हापासून आपली माणसं इथे आहेत, आपण काही उपरे नाही,” हा त्यांच्या भाषणाचा नेहमीचा शेवट. थोरलीने मध्येच विचारलं, “आबा, भोसल्यांकडे वाघ होता?” “होता,” ते म्हणाले, “पण पिवळा.”

कवर्ध्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या. इथे सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे या भागात ऊस दिसला की मराठी माणसाला उगाच घरी आल्यासारखं वाटतं. कवर्ध्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर, मैकल डोंगररांगेच्या पायथ्याशी भोरमदेवचं देऊळ आहे. अकराव्या शतकातलं, फणिनागवंशी राजांच्या काळचं शिवमंदिर. बाहेरच्या भिंतींवरच्या मिथुनशिल्पांमुळे त्याला छत्तीसगढचं खजुराहो म्हणतात, आणि शिल्पं बघण्यासाठी लोक लांबून येतात. आम्हाला मात्र त्याचा वेगळाच उपयोग झाला. देवळाभोवती मोकळं आवार, बाजूला तळं, आणि कुणी ‘पळू नको’ म्हणणारं नाही. दोन तास गाडीत बांधून ठेवलेली पोरं तिथे सुटली ती दमेपर्यंत पळाली. सासूबाईंनी डबे उघडले. मेतकूट-भात, दशम्या, मुलांसाठी वेगळा मऊ वरणभात. लहान मुलांच्या प्रवासात प्रेक्षणीय स्थळ म्हणजे काय, तर जिथे पाणी, सावली आणि पळायला जागा आहे ते. भोरमदेवला तिन्ही आहेत. शिल्पं मी धाकट्याला कडेवर घेऊन बघितली, म्हणजे अर्धीच बघितली.

पुढे चिल्पीचा घाट. वळणं फार नाहीत, पण धाकट्याला तेवढी पुरली. घाटाच्या मध्यावर भोरमदेवचा सगळा वरणभात बाहेर आला. गाडी बाजूला घेतली, कपडे बदलले, ओव्याची पुरचुंडी हुंगवली. तिथे थांबलो म्हणून सासऱ्यांना आणखी एक धडा सांगायला जागा मिळाली. घाटाच्या खाली, कवर्ध्याच्या बाजूला पडलेला पाऊस सकरी, शिवनाथ, महानदी असं करत बंगालच्या उपसागरात जातो. घाट चढून पलीकडे गेलं की पाणी बंजर आणि हालोन नद्यांतून नर्मदेला मिळतं आणि अरबी समुद्राकडे वळतं. मैकलच्या एका डोंगररांगेने देशाचं पाणी दोन समुद्रांत वाटलं आहे. “म्हणजे,” नवरा ओला टॉवेल पिळत म्हणाला, “ह्याने आत्ता जे काढलं ते बंगालच्या बाजूला गेलं.”

चिल्पीनंतर सुपखारच्या सालवनातून रस्ता गढीकडे जातो. इथून जंगल बदलतं, आणि विदर्भातून आलेल्या माणसाला ते पटकन जाणवतं. आपलं मेळघाट, ताडोबा म्हणजे सागाचं राज्य. मार्चमध्ये साग उघडाबोडका झालेला असतो, पायाखाली वाळलेली पानं कुरकुरतात, लांबवरचं दिसतं. सालाचं तसं नाही. तो जुनी पानं टाकता टाकताच नवी लेवून मोकळा होतो, पूर्ण बोडका कधी होत नाही. ऐन मार्चमध्ये हिरवं, सावलीचं, थंड जंगल. मध्ये मध्ये पळस पेटलेला आणि मोहाला नुकती फुलं लागलेली. गाडीच्या काचा खाली केल्या. मोहाचा तो गोड, जरासा आंबूस वास आत आला. थोरली नाक चिमटीत धरून म्हणाली, “कुणाचं तरी दूध नासलंय.”

मुक्कीला पोचेपर्यंत तीन वाजले. ज्यांची दुपारची सफारी होती त्यांच्या जिप्स्या फाटकाकडे निघालेल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे एक लांबलचक कटाक्ष टाकला, पण बोलला नाही. ती संध्याकाळ आम्ही मुक्कामाच्या आवारात काढली, आणि सबंध सहलीत पोरांना सगळ्यांत जास्त आवडली ती तीच. मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं वेचणं, कुंपणाजवळचं वाळवीचं वारूळ, त्यातून निघणाऱ्या मुंग्या, स्वयंपाकघरामागे येणारी वानरं. धाकट्याने एका बिळाशी बसून कितीतरी वेळ आत खडे टाकले. अंधार पडल्यावर रातवा बोलायला लागला. हा पक्षी दिसत नाही, पण रात्रभर लाकडावर टिचक्या मारल्यासारखा त्याचा आवाज येतो. आठ वाजता पोरं झोपली. मोठ्यांनी बाहेर खुर्च्या टाकल्या. आकाश भिलाईत कधी दिसत नाही तेवढं दिसलं. तिथे भट्ट्यांच्या उजेडाने रात्रीही आभाळ तांबूस असतं.

पहाटे पाचला उठवणं हा प्रकार मी फार वर्णन करणार नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना तो ठाऊक आहे. दोघांना झोपेतच स्वेटर, कानटोपी घालून जिप्सीत बसवलं. फाटकावर ओळखपत्रं तपासली, गाइड चढला. जवळच्याच गावातला गोंड तरुण, हिंदी बोलणारा. त्याने आधी नियम सांगितले. खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, काही टाकायचं नाही. मग पोरांकडे बघून हसला आणि म्हणाला, “इनको जितना चुप रख सकें, उतना रखिए दीदी. बाकी जंगल समझ लेगा.”

गाडी आत शिरली आणि थोरलीने इकडेतिकडे बघून विचारलं, “जाळी कुठाय?” मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. आजवर तिने बघितलेल्या प्रत्येक जनावराच्या आणि तिच्या मध्ये खंदक नाही तर जाळी होती. इथे जिप्सीला दारसुद्धा धड नव्हतं. “जाळी नसते,” मी सांगितलं. “मग वाघ आपल्याकडे आला तर?” “तो येत नाही, त्याला आपण आवडत नाही.” तिला हे काही पटलं नाही. ती माझ्या मांडीवर चढून बसली, शाल डोक्यावरून घेतली आणि फटीतून बघायला लागली. राष्ट्रीय उद्यान आणि प्राणिसंग्रहालय यांतला फरक मी तिला कितीही समजावला असता तरी तो इतक्या झटकन पोचला नसता. त्या सकाळी ती जरा घाबरली, आणि ते मला बरं वाटलं. वाघाच्या घरात शिरताना थोडी भीती वाटलीच पाहिजे.

चितळ तर फाटकापासूनच दिसायला लागले. जिथे वानरं झाडावर, तिथे चितळ खाली. वानरं खाताना अर्धी पानं-फळं खाली टाकतात, ती चितळांना मिळतात. शिवाय वानराला वरून लांबचं दिसतं आणि चितळाला वास लवकर लागतो, त्यामुळे दोघांची राखण होते. गाइडने हे सांगितलं तेव्हा पोरांना त्यातलं एवढंच कळलं, की वर बसून खाली सांडलं तरी चालतं. धाकट्याने ताबडतोब हातातलं बिस्कीट चुरडलं. ते मी वेळीच पकडलं. मग मोरांची एक जोडी, रस्ता ओलांडणारी रानडुकरं, आणि बांबूत उभा एक गवा. त्याच्या काळ्याभोर अंगाखालचे ते पांढरे पाय बघून धाकटा ओरडला, “मोजे!” सफारीतला हा त्याचा पहिला आणि सगळ्यांत मोठा शोध.

सोंफच्या मैदानावर आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. लांबच लांब पिवळं गवत, आणि त्यात बारशिंग्यांचा कळप. आमच्यासाठी कान्हा म्हणजे खरं तर हाच प्राणी. बारशिंग्याच्या बाकीच्या उपजाती दलदलीत राहतात. ही एक कोरड्या, टणक जमिनीवर राहणारी, आणि ती फक्त कान्हात उरली होती. १९७० साली मोजणी झाली तेव्हा ६६ जनावरं निघाली. गवताची जमीन शेतीखाली गेली होती, शिकार झाली होती, रोगही होता. मग कुंपण घालून एक बंदिस्त कुरण राखलं, आत वाघ-बिबटे शिरणार नाहीत अशी तजवीज केली आणि गवत वाढवलं. हळूहळू कळप वाढले. आज कान्हात हजाराच्या आसपास बारशिंगे आहेत, आणि २०१५ पासून काही सातपुडा व्याघ्रप्रकल्पात नेऊन वसवले आहेत. माजाच्या दिवसांत यांचे नर शिंगांत गवत अडकवून मिरवतात. बारशिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे, आणि त्याचंच रूप असलेला ‘भूरसिंग’ हा कान्हाचा शुभंकर. वाघ सोडून दुसऱ्या कुणाला हा मान मिळाला, याचं मला बरं वाटलं.

पण हे मैदान आपोआप झालेलं नाही. इथे सोंफ नावाचं गाव होतं. १९६९ साली ते उठवलं, माणसं बाहेर वसवली, आणि त्यांच्या शेतांवर गवत वाढू दिलं. त्यानंतर अशी आणखी गावं उठली. गोंड आणि बैगा लोकांची. गाइड सांगत होता ते नुसतं माहितीसारखं. रागही नाही, तक्रारही नाही. सासरे थोडा वेळ गप्प राहिले, मग नवऱ्याला म्हणाले, “कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं कधी, माहीत आहे? १९५५. जूनमध्ये. आणि भिलाईचा करार रशियाशी झाला तोही १९५५. फेब्रुवारीत.” एकाच वर्षी सरकारने इथे जंगल राखायचं ठरवलं आणि तिथे भट्टी पेटवायचं ठरवलं. १९५९ साली आमची पहिली भट्टी सुरू झाली, तीही भातशेतीच्या गावांवरच. आम्ही ज्या सेक्टरमध्ये राहतो, तिथे कुणाचं तरी अंगण होतं. देशाला पोलाद हवं होतं, देशाला वाघ-बारशिंगेही हवे होते, आणि दोन्हीसाठी उठली ती छोटीच माणसं. बारशिंग्यांचा कळप बघून आनंद व्हायचा तो होतोच. पण त्या गवताखाली कुणाची शेतं होती, हेही मुलांना मोठेपणी सांगायला हवं.

तेवढ्यात चितळाने धोक्याची हाक दिली. एकदा, दोनदा, मग सारखी. वरून वानर खोकलं. गाइडचा चेहरा बदलला. ड्रायव्हरने गाडी एका ओढ्याच्या कडेला उभी केली, इंजिन बंद केलं. मागून आणखी दोन जिप्स्या येऊन थांबल्या. सगळे श्वास रोखून बांबूकडे बघत होते. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. आणि याच मुहूर्तावर थोरली माझ्या कानाशी, पण सगळ्या जंगलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आई, शू.”

जंगलात गाडीतून उतरता येत नाही. उतरायची सोय ठरलेल्या जागी, आणि ती बरीच पुढे. डायपर घालायला ती आदल्या दिवशीच नाही म्हणाली होती, कारण ‘डायपर बाळांचे असतात’. थांबावं की निघावं? नवरा वाघाच्या बाजूने होता, सासूबाई नातीच्या बाजूने, आणि सासरे दोन्ही बाजूंनी. मागच्या गाडीतले लोक आमच्याकडे बघायला लागले. खरं सांगते, त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनीही पैसे भरले होते, लांबून आले होते, आणि जंगलात शांतता ही सगळ्यांची मिळून असते. मी गाइडला म्हटलं, “चलिए.” गाडी निघाली. नवरा बराच वेळ मागे वळून बघत होता.

थांब्यावर पोचलो, कामं उरकली, डब्यातला शिरा काढला. थोड्या वेळाने मागची जिप्सी आली. आम्ही निघाल्यावर वीसेक मिनिटांनी वाघीण त्याच बांबूतून बाहेर आली, ओढ्यातून चालत गेली, त्यांनी फोटो काढले. ते आनंदाने सांगत होते आणि नवरा फार सभ्यपणे ऐकत होता. परतीच्या वाटेवर धुळीत तिच्या पंजाचे ठसे दिसले तेवढेच. ड्रायव्हरने गाडी हळू केली, गाइडने पोरांना बोटाने दाखवलं. थोरलीने वाकून बघितलं. “वाघ कुठाय?” “इथून गेला,” मी म्हटलं. तिने जरा विचार केला. आमच्या घरात बाबा कधी सकाळी कामावर जातात, कधी रात्री, कधी दुपारी झोपलेले असतात आणि तेव्हा आवाज करायचा नसतो. “त्याची नाइट असेल,” ती म्हणाली. “आता झोपला असेल. हळू बोला.” आणि फाटकापर्यंतचा उरलेला रस्ता, तासभर तरी, ती खरोखरच हळू बोलली. गाइडने सकाळी मागितलेली शांतता आम्हाला अशी मिळाली.

दुपारी जेवून निघालो. काळोखाच्या आत घाट उतरायचा होता. मुलं गाडीत बसल्याबरोबर झोपली, आणि मग नवऱ्याने विषय काढला. परत कधी यायचं? मी म्हटलं, पोरं आठ-दहा वर्षांची झाली की ये आणि पाहिजे तेवढ्या सफारी कर. तो म्हणाला, तोवर वाघ थांबेल का? सासरे मागून म्हणाले, “आपण नीट वागलो तर थांबेल.”

आता कुणी विचारलं, की दोन-तीन वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानात न्यावं का, तर मी म्हणते, जरूर न्यावं. पण आपली हाव घरी ठेवून. दोन दिवसांत एकच सफारी, सकाळची. गाडी पूर्ण घ्या, म्हणजे मूल रडलं तर मागे फिरायला कुणाची परवानगी लागत नाही. हिवाळ्याचे कडक दिवस आणि ऐन उन्हाळा टाळा. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ चांगला. मऊ भात, पाणी, जादा कपडे आणि ओवा घरून न्या. वापरलेले डायपर पिशवीत बांधून परत आणा. जंगलाजवळच्या गावांत ते टाकायची सोय नसते, आणि त्यांनी आपला कचरा का सोसावा? मधला मुक्काम, तळं, देऊळ, वाळवीचं वारूळ यांनाही सफारीएवढाच वेळ ठेवा. कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि बुधवारी दुपारी सफारी नसते, हे लक्षात घेऊन तिकिटं लवकर काढा. आणि एक विनंती. निघताना मुलांना ‘जंगल दाखवतो’ एवढंच सांगा. वाघ दाखवण्याचं वचन देऊ नका, कारण ते पाळणं आपल्या हातात नाही.